किनाऱ्यावरचे जुने घर : आधी कागद, मग छप्पर, खोल्यांचा विचार शेवटी

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित घर दापोली तालुक्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या एका वाडीत आहे. घर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) आणि कौलारू, जोते अकराशे चौरस फुटांचे, समुद्रापासून अंदाजे दीडशे मीटर. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात समुद्राकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूची, कौले उडाली. तेव्हा मिळतील ती जुनी कौले आणि ताडपत्री घालून वेळ निभावली. मी डोंबिवलीत नोकरी करतो आणि तीन वर्षांनी निवृत्त होईन. आता बारा लाख रुपये खर्चून छप्पर उतरवावे, स्लॅब टाकावा, मागे दोन खोल्या व शौचालय वाढवावे आणि त्या खोल्या पर्यटकांना द्याव्यात, असा विचार आहे. सातबाऱ्यावर माझ्यासह दोन काकांची नावे आहेत. कंत्राटदार म्हणतो की ग्रामपंचायतीचा दाखला पुरे, बाकीचे मी बघतो. त्याने निम्मे पैसे आगाऊ मागितले असून दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर काम संपवीन, असे सांगितले आहे. एवढ्या पैशांत हे होईल का, आणि परवानग्या कोणत्या लागतील?

उत्तर : सप्रेम नमस्कार. बारा लाखांत तुमचे आहे ते घर पावसाला आणि वादळाला नीट तोंड देईल असे करता येईल, परंतु स्लॅब, दोन खोल्या आणि शौचालय हे सगळे त्यात बसणार नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मागच्या दोन खोल्यांना तुमच्या अंतरावर परवानगी मिळण्याची शक्यता फार कमी आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की पुढचा मजकूर वाचून, कागदपत्रे पाहून होईपर्यंत कंत्राटदाराला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

प्रथम अंतराचा प्रश्न घेऊ, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. किनारपट्टीवरील बांधकामांचे नियमन १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने सुरू झाले. ती २०११ मध्ये आणि नंतर जानेवारी २०१९ मध्ये बदलण्यात आली. हेच सर्वांच्या तोंडी असलेले सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम. ग्रामीण, विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर उच्चतम भरती रेषेपासून (मोठ्या भरतीचे पाणी पोहोचते तेथपासून) २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र, म्हणजे सहसा नवे बांधकाम करू न देण्याचा पट्टा, मानला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या गावांसाठी ही मर्यादा २०१९ च्या अधिसूचनेने ५० मीटरवर आणली आहे, परंतु माडा-पोफळींच्या वाड्यांमध्ये विखुरलेली वस्ती असलेली गावे सहसा त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. तुम्ही दीडशे मीटर लिहिले आहे, ते बहुधा वाळूपर्यंत पावले मोजून किंवा मोबाइलवरच्या नकाशावर पाहून. भरती रेषा म्हणजे तुम्हाला दिसणारी पाण्याची कड नव्हे. ती अधिकृत किनारा व्यवस्थापन नकाशावर आखलेली असते आणि पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा जमिनीच्या बाजूला बरीच आत असते. जवळून खाडी जात असेल तर तिच्या काठाचा पट्टा वेगळा मोजावा लागतो. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि त्या नकाशावर घराची जागा व भरती रेषा जाणकाराकडून दाखवून घ्यावी. सगळ्या कामात हा खर्च लहान आहे, पण तो वाचवला तर बाकीचे पैसे धोक्यात येतात.

ना-विकास क्षेत्रात असलेल्या घराची दुरुस्तीच करता येत नाही, असा एक समज गावोगावी आहे आणि तो चुकीचा आहे. अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी अधिसूचनेला मान्य आहे. अट एवढीच की जोत्याचे क्षेत्र, चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम) आणि घनता आहे त्याहून वाढता कामा नये. येथे ‘अधिकृत’ या शब्दावर सगळी भिस्त आहे. तुमचे घर १९९१ पूर्वीचे आहे हे गावात सर्वांना माहीत असेल, पण कार्यालयाला कागद लागतो. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीचा, म्हणजे नमुना ८ चा, जुन्यात जुना उतारा काढा. त्यात घराचा क्रमांक, बांधकामाचे वर्णन आणि क्षेत्र असते. आजोबांच्या नावाच्या घरपट्टीच्या पावत्या, विजेच्या जोडणीचे जुने बिल, जे काही मिळेल ते एकत्र करा. उताऱ्यात क्षेत्र नऊशे चौरस फूट असेल आणि प्रत्यक्षात मागची पडवी धरून अकराशे भरत असेल, तर ते आत्ताच कळलेले बरे.

मागच्या दोन खोल्यांमुळे जोते वाढते, म्हणून त्या या सवलतीत बसत नाहीत. स्थानिक रहिवाशांच्या घरांसाठी १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात काही तरतूद आहे. तीत उंची नऊ मीटर आणि तळमजल्यावर एक मजला एवढी मर्यादा आहे, आणि स्वतःच्या राहण्याच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला स्थानिक प्राधिकरण सीआरझेडच्या दृष्टीने तपासून मंजुरी देऊ शकते. परंतु तुम्ही डोंबिवलीत राहता आणि खोल्या पर्यटकांसाठी हव्यात असे म्हणता. त्या आधारावर ही तरतूद मागणे मला धोक्याचे वाटते. याउलट, त्याच अधिसूचनेत स्थानिक लोकांना आपल्या राहत्या घरात पर्यटकांची सोय करण्याची मुभा आहे, मात्र घराचे जोते, रचना किंवा दर्शनी भाग न बदलता. म्हणजे तुमच्यासाठी खरा मार्ग हा आहे की निवृत्तीनंतर गावी राहायला जावे आणि आहे त्या घरातल्या माजघराच्या बाजूच्या दोन खोल्या नीट करून पाहुण्यांना द्याव्यात. चिऱ्याची भिंत, ओटी आणि कौले यांसाठीच तर लोक तेथे येतात. बेकायदा खोल्या बांधल्या तर हा सरळ मार्गही बंद होतो, आणि तुमच्या तालुक्यात किनाऱ्यावरच्या बांधकामांची प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेलेली आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता ग्रामपंचायतीच्या दाखल्याबद्दल. त्याच जागी, त्याच उंचीवर छपराची दुरुस्ती, कौले बदलणे, गिलावा, फरशी, रंग अशा कामांना राज्याच्या बांधकामविषयक एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घेतलेली मात्र असावी. भिंती पाडून पुन्हा उभारणे, उंची वाढवणे, स्लॅब टाकून वर मजल्याची सोय करणे किंवा क्षेत्र वाढवणे हे ‘विकास’ या व्याख्येत येते. तुमची जागा सातबाऱ्याची आहे, म्हणजे बहुधा गावठाणाबाहेरची. तेथे प्रादेशिक योजना लागू असताना १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली परवानगी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो, सरपंच किंवा ग्रामसेवक नव्हे. ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र त्या अर्जासोबत जोडायचे असते. ते परवानगीच्या जागी चालत नाही. राज्याने २०२० च्या अखेरीपासून लहान घरांसाठीची प्रक्रिया बरीच सोपी केली हे खरे आहे, पण त्या सवलतीने सीआरझेड माफ होत नाही. ‘बाकीचे मी बघतो’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराचे नाव नोटिशीवर नसते. नोटीस सातबाऱ्यावरच्या नावांना येते, म्हणजे तुम्हाला आणि तुमच्या काकांना.

काकांचा विषय निघालाच आहे, तर तो मोकळेपणाने बोलून घ्या. सामाईक घरावर एकाने खर्च केला म्हणून त्याचा हिस्सा वाढत नाही, आणि केलेला खर्च पुढे वाटणीत वळता होईल की नाही, हे त्या वेळच्या समजुतीवर राहते. येत्या गणपतीला सगळे घरी येतीलच. तेव्हा काय काम होणार, खर्च कोण करणार, पाहुण्यांपासून मिळणारे उत्पन्न कोणाचे आणि वाटणीच्या वेळी हा खर्च कसा धरायचा, हे चार मुद्दे साध्या भाषेत लिहून सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचे संमतीपत्र नोटरीसमोर करा. काकांपैकी कोणी हयात नसेल, तर वारसांची नोंद आधी करून घ्यावी लागेल. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू झाले पाहिजे.

स्लॅबविषयी मी स्पष्टपणे नको असे म्हणेन. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या पुढे जाते. कौले आणि लाकूड मिळून तुमचे आताचे छप्पर शंभर किलोंच्या आत आहे. जुन्या चिऱ्याच्या भिंती पुष्कळदा मातीत किंवा चुन्यात रचलेल्या असतात आणि त्यांना वरून बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा नसतो. त्यांच्यावर हे वजन टाकण्याआधी अभियंत्याने पाया आणि भिंती तपासायला हव्यात, आणि बहुतेक वेळा त्यांच्याजोडीला खांब घ्यावे लागतात, ज्याचा खर्च तुमच्या अंदाजात धरलेलाच नाही. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. किनाऱ्यावर उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात किमान एम-३० प्रत (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) आणि सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. गावात हाताने कालवलेल्या मालात आणि अंदाजाने बांधलेल्या सळईत हे सांभाळले जाताना फारसे दिसत नाही. आणि एवढे करून तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात स्लॅब गळू लागला की त्यावर पत्र्याची शेड घालावीच लागते. दापोलीपासून मालवणपर्यंत स्लॅबवर पत्रा घातलेली घरे तुम्ही पाहिली असतील. त्या प्रत्येक घराने छपराचा खर्च दोनदा केला आहे.

निसर्गमध्ये तुमची कौले का उडाली, हे समजून घेतले तर पैसा कोठे घालायचा ते आपोआप कळेल. वादळी वारा छपराला वरून दाबतो त्यापेक्षा वर खेचतो, आणि ही ओढ वळचणीला (भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडेला), आढ्याला आणि त्रिकोणी भिंतीकडच्या कडांना सर्वांत जास्त असते. तशात एखादी खिडकी फुटली की वारा आत शिरून छपराला खालूनही ढकलतो. कौले आपल्याकडे रिपांवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्यांवर, नुसती ठेवलेली असतात, रीप वाशाला (उतरत्या लाकडाला) एका खिळ्याने मारलेली असते आणि वासा भिंतीवर टेकलेला असतो. ही साखळी कौलापासून पायापर्यंत कोठेही न तुटणारी करणे, हेच वादळाशी झुंजणाऱ्या छपराचे काम. भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा ओतावा, त्यात ओतकामाच्या वेळीच बोल्ट बसवावेत, प्रत्येक वासा गॅल्व्हनाइज्ड पट्टीने त्या बोल्टांना आवळावा आणि रिपा खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवाव्यात. मंगलोरी कौलाच्या पोटाशी एक लहान भोक असलेला उंचवटा असतो. तो तार ओवण्यासाठीच असतो, पण आपले लोक सहसा वापरत नाहीत. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या दोन-तीन ओळी आणि दोन्ही टोकांच्या कडा तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेने रिपेला बांधा. साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत लवकरच गंजून तुटते. छप्पर भिंतीबाहेर फार लांब काढले की वाऱ्याला पकड मिळते, परंतु अगदी आखूड केले तर झडीचे पाणी चिऱ्यात मुरते. अडीच-तीन फूट ठेवून त्याखाली तिरके टेकू द्यावेत, हा मध्यममार्ग मला पटतो.

पत्रा स्वस्त पडतो म्हणून मोह होईल. पत्रा हलका असल्यामुळे बांधणी चुकली तर संपूर्ण पाखे एकदम उडते, आणि उडालेला पत्रा दुसऱ्याच्या घरावर जाऊन आदळतो. घालायचाच असेल तर रंगीत लेप दिलेला चांगल्या जाडीचा घ्या, कडांच्या ओळींत प्रत्येक उंचवट्यावर रबरी वॉशरचा स्क्रू मारून घ्या आणि खालच्या सांगाड्याचे रंगकाम अगोदर जमिनीवर करून घ्या. तरीही तुमच्या घरासाठी मी कौलेच ठेवीन. ती उकाड्यात घर थंड ठेवतात आणि एखादे फुटले तर तेवढेच बदलता येते.

खर्चाचा अंदाज कसा फसतो, ते एका हिशेबातून दाखवतो. समजा घर चव्वेचाळीस फूट बाय पंचवीस फूट आहे, म्हणजे अकराशे चौरस फूट. चारी बाजूंनी तीन फूट वळचण धरली की वरून दिसणारे क्षेत्र पन्नास बाय एकतीस, म्हणजे साडेपंधराशे होते. छपराला तीस अंशांचा उतार असेल तर उताराचे क्षेत्र त्याहून सुमारे पंधरा टक्के अधिक, म्हणजे जवळजवळ अठराशे चौरस फूट भरते. शंभर चौरस फुटांना साधारण १४० ते १५० मंगलोरी कौले लागतात, तेव्हा एकूण अडीच हजारांच्या आसपास कौले आणि त्यावर दहा टक्के जास्तीची. कंत्राटदाराने अकराशेच्या हिशेबाने दर सांगितला असेल, तर काम निम्म्यावर आल्यावर ‘मोजमाप वाढले’ असे ऐकावे लागेल. त्यामुळे दर कशाच्या चौरस फुटाला, हे अंदाजपत्रकातच लिहून घ्या. उतरवलेल्या कौलांपैकी टणटण वाजणारी, न तडकलेली कौले पुन्हा वापरता येतात. ती कोणाची, हेही लिहा, नाहीतर ती परस्पर विकली जातात.

बारा लाखांची वाटणी मी अशी करीन. मोजणी, नकाशे, अभियंत्याची फी आणि कागदपत्रे यांसाठी पाऊण लाख. माथ्यावरचा पट्टा, वासे-रिपा, कौले आणि मजुरी यांसाठी सहा लाखांपर्यंत. आहे त्या जोत्यातच मागच्या पडवीत बसवलेले शौचालय, न्हाणी आणि विहिरीपासून निदान साठ फूट दूर असलेली, सांडपाणी जमिनीत जिरवणारी शोषटाकी यांसाठी दोन लाख. वीज, अर्थिंग, गळती ओळखून प्रवाह तोडणारा स्विच आणि दारे-खिडक्यांच्या भक्कम कड्या यांना सव्वा लाख. उरलेले दोन लाख हातचे राखून ठेवा, कारण जुने छप्पर उतरवल्याशिवाय वाळवीने किती वासे खाल्ले आहेत ते कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. रंग, टाइल्स, सजावट या शीर्षकाखाली मी मुद्दाम काहीच धरलेले नाही. आतील भिंतींना सिमेंटचा गिलावा करण्याची घाईही नको. चिरा पाणी शोषतो, आणि वरून सिमेंट लावले की ते पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही, ओल आत साठते आणि पापुद्रे सुटतात. सांधे चुन्याने भरून चुन्याचाच हात दिलेला टिकतो.

स्वतःच्या आवारातला फणस किंवा साग कापून वासे काढू, असा विचार असेल तर थांबा. १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे आहेत आणि ती तोडण्यापूर्वी वन विभागाची परवानगी लागते. स्वतःच्या जमिनीतून चिरा काढण्यालाही महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागते. विकतचा चिरा, रेती आणि लाकूड घेताना पावत्या आणि वाहतुकीचे पास जपून ठेवा.

कंत्राटदाराशी मुद्रांक कागदावर करार करा. साहित्य शक्यतो तुम्ही स्वतः, दुकानाच्या बिलावर घ्या आणि त्याला मजुरी टप्प्याटप्प्याने द्या : सुरुवातीला दहा टक्के, पट्टा ओतल्यावर, वासे-रिपा आवळून झाल्यावर, कौले चढल्यावर असे. दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेर द्यायची नाही, हे करारातच नमूद असू द्या. प्रामाणिक मिस्त्री याला हरकत घेत नाही. जो घेईल, त्याच्याकडून छपराचे काम करून घेऊ नये असे मला वाटते.

वेळापत्रकातला ‘मेअखेर’ हा शब्द मला सर्वांत अधिक खटकला. अरबी समुद्रातली वादळे पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि परतीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. निसर्ग ३ जूनला आले, तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यावर किनाऱ्याला समांतर गेले, फयान २००९ च्या नोव्हेंबरात आले. उघडे छप्पर मे महिन्यात असता कामा नये. परवानग्या आणि मोजणी दिवाळीपर्यंत, लाकूड व कौलांची खरेदी डिसेंबरात, छपराचे काम जानेवारी ते मार्च आणि आतील कामे एप्रिलमध्ये, असे धरा. कागद दिवाळीपर्यंत झाले नाहीत तर पुढच्या वर्षी काम करा. तुम्हाला निवृत्तीला तीन वर्षे आहेत, आणि तोवर ताडपत्रीऐवजी त्या एका पाख्याची नीट शाकारणी करून घेणे परवडणारे आहे.

गणपतीला जाल तेव्हा पाऊस चालूच असेल. एक दिवस विजेरी घेऊन माळ्यावर चढा, पाणी कोठून येते त्या प्रत्येक वाशावर खडूने खूण करा, आणि वासा भिंतीवर टेकतो त्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. पाते सहज आत शिरले तर तो वासा गेला असे समजा. त्या खुणांचे आणि चारी भिंतींचे फोटो तारखेसह ठेवा. ते अंदाजपत्रकाला उपयोगी पडतात आणि उद्या वादळ झाले तर पंचनाम्याच्या व विम्याच्या वेळीही. सरकारी मदतीवर मात्र घर उभे राहत नाही : २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये ठरवले होते. त्यामुळे काम पूर्ण होताच ‘भारत गृह रक्षा’ ही एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी प्रमाणित पॉलिसी घ्या. घर वर्षातले बरेच महिने बंद असते, छप्पर कौलांचे आहे आणि पुढे पाहुणे राहणार आहेत, या तीनही गोष्टी प्रस्तावात लिहा आणि कंपनीकडून त्याचे उत्तर लेखी मागून घ्या.